बोर्डापाशी पक दुसऱ्यालाच का मिळतो? वाचकांचे प्रश्न, कोचची उत्तरं

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच जागेवर अडकलेत, आइस हॉकीत बोर्डाला लागून किंवा कोपऱ्यात पकसाठी जी झोंबाझोंबी चालते तिथे. लिहिणारे बरेचसे कॅनडा-अमेरिकेतले आईबाबा, एक पत्र पुण्याचं, एक 16 वर्षांच्या मुलीचं. ज्यांच्या घरात अजून हॉकी बॅगचा वास शिरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : पक म्हणजे 3 इंच व्यासाची, 1 इंच जाडीची कडक रबरी चकती, आणि बोर्ड म्हणजे रिंकभोवतीची साधारण साडेतीन फुटी भिंत. भिंतीवर आपटून आलेला पक चालू खेळातच धरतात, त्यामुळे अर्धी भांडणं त्या भिंतीपाशीच होतात.

प्रश्न : माझा मुलगा 10 वर्षांचा, अंडर-11 मध्ये खेळतो. स्केटिंग मस्त करतो पण बोर्डापाशी गेला की कोणीही येतं, त्याला बाजूला सारतं आणि पक घेऊन जातं. कोच बेंचवरून ओरडतात 'बी स्ट्राँग ऑन द पक'. सांगलीहून आलेले सासरे म्हणतात पोराला तूप कमी पडतंय. नक्की काय करू? – एक आई, ब्रॅम्प्टन

उत्तर : ताई, तूप असू द्या, तिकडच्या थंडीत बरंच आहे. पण दहाव्या वर्षी एकाच टीममधल्या दोन पोरांत वीतभर उंचीचा फरक असतो आणि त्यावर तुमचा-माझा काही कंट्रोल नाही. आणि 'स्ट्राँग राहा' एवढं ऐकून त्या पोराने नेमकं काय करायचं? दात-ओठ खायचे?

पुढच्या मॅचला असं करा, धक्का लागतो तो क्षण बघूच नका, त्याच्या आधीचे दोन-तीन सेकंद बघा. मी पैजेवर सांगतो, तीनपैकी एक तरी गोष्ट दिसेल. एक म्हणजे पक जवळ आला की तो पाय मारणं थांबवतो आणि नुसता घसरत जातो, मागचा मात्र पाय मारतच येत असतो. दुसरं, तो एकदाही खांद्यावरून मागे बघत नाही, म्हणजे कोण येतंय, कुठल्या बाजूने येतंय, हे त्याला धक्का लागल्यावर कळतं. आणि तिसरं, जे सगळ्यात जास्त दिसतं, तो नाक बोर्डाकडे करून सरळ पकवर जातो आणि गुडघे ताठ ठेवून वर उभा राहतो, असा उभा माणूस तर छोटी बहीणसुद्धा पाडेल.

आता उलट करून बघा. पककडे जाताना आधी एकदा मागे नजर, पकपाशी पोचायच्या आत पुन्हा एकदा, कारण तेवढ्यात चित्र बदललेलं असतं. समजा मागचा डावीकडून येतोय, तर मुलाने पकला हात लावायच्या आधी आपली डावी कंबर त्याच्या वाटेत आणायची, पक उजवीकडे लांब ठेवायचा, आणि बोर्डाला काटकोनात न भिडता थोडं तिरकं, बोर्डाच्या कडेकडेने जाईल असं पोचायचं. स्केट्स खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे इतके वाकलेले की वरून बघितलं तर पायाची बोटं दिसू नयेत, बूड मागे, छाती वर. धक्का कंबरेवर बसला तर पोरगं हलतं पण पडत नाही, खांद्यावर बसला तर पडतं, सगळा खेळ त्या दीड फुटाच्या फरकाचा आहे. आणि ज्या बाजूला तो ढकलतोय त्याच बाजूला निघून जाता आलं तर सोन्याहून पिवळं, त्याची ताकद आपल्याला फुकट.

यारोमिर यागरच्या जुन्या क्लिप्स मुलाला दाखवा. एनएचएलमध्ये, म्हणजे तिकडच्या सगळ्यात मोठ्या प्रो लीगमध्ये, 1,921 पॉइंट्स (गोल आणि असिस्ट मिळून) केलेला माणूस, आणि त्यातले कितीतरी असे की डिफेंडर पाठीवर लटकलाय आणि हा आपला बूड मागे काढून, पक लांब धरून, आरामात वळतोय. हो, यागरच्या मांड्या खांबासारख्या होत्या हे मान्य, पण क्लिप बघताना मांड्या सोडा, पक आणि विरोधी खेळाडू यांच्यामध्ये नेहमी काय आहे ते मुलाला विचारा, तो स्वतःच सांगेल.

घरी करायचं तर बेसमेंटमध्ये सॉक्स घालून, स्टिक आणि टेनिस बॉल घेऊन. तुम्ही मागून कंबरेला हलका रेटा देत राहायचं आणि त्याने 15-20 सेकंद बॉल तुमच्यापासून लपवायचा, मग दम खायचा, मग परत. जास्त वेळ लावू नका, दमला की तो ताठ उभा राहतो आणि चुकीचीच सवय पक्की होते. आजोबांना पण घ्या यात, मजा येईल त्यांना.

प्रश्न : मी कॅलगरीत मुलाच्या टीमचा व्हॉलंटियर असिस्टंट कोच आहे, स्वतः लहानपणी नागपुरात क्रिकेट सोडून काही खेळलो नाही. आमची सगळी पोरं पक असलेल्या खेळाडूच्या अंगावर सरळ धावतात, तो एक हूल देतो आणि आमचा भिडू प्रेक्षकांत. अँगलिंग शिकवा म्हणतात पण ते पोरांना समजावायचं कसं? – एक बाबा-कोच

उत्तर : दादा, नागपूरच्या माणसाने क्रिकेट सोडून काही खेळलं नाही म्हणता, शाळेत कबड्डी तरी बघितली असेल ना? चढाईला आलेल्याला कोपऱ्यात घेतात, मधली वाट बंद ठेवून कडेची जरा उघडी दाखवतात आणि तो तिकडे गेला की त्याचं मैदान संपतं. अँगलिंग म्हणजे एवढंच. फरक इतकाच की इथे सगळे जोरात घसरतायत आणि ब्रेक लागायला वेळ लागतो, म्हणून समोरून सरळ गेलात की त्याच्याकडे डावी-उजवी दोन्ही बाजू मोकळ्या आणि तुमच्याकडे वळायला जागा नाही.

पोरांना मी एकच वाक्य देतो, 'आतून ये'. आत म्हणजे रिंकची मधली बाजू, जिथून आपला गोल दिसतो. पकवाला बोर्डाच्या कडेने येत असेल तर आपण मधून निघायचं, थोडी गोलाई घेऊन, म्हणजे शेवटी दोघांची तोंडं जवळजवळ एकाच दिशेला होतात आणि वेगही जुळतो. नजर पकवर अजिबात नाही, त्याच्या छातीवरच्या लोगोवर, कारण पक आणि डोकं हूल देतात पण छाती जिकडे जाते तिकडेच माणूस जातो. स्टिक एका हातात, पातं बर्फावर, मधला पास अडवत. मग बोर्ड आणि आपण यांच्यातली जागा संपते, तेव्हा आधी स्टिक त्याच्या स्टिकखाली घालून ती उचलायची, मग खांदा आणि कंबर त्याच्या हातांच्या पुढे सरकवायची, मग पक घेऊन निघून जायचं. हा शेवटचा भाग पोरं विसरतात बरं का, समोरच्याला अडवलं की काम झालं असं वाटतं त्यांना आणि पक तिथेच पडलेला असतो, तिसराच कोणीतरी घेऊन जातो.

आधी स्टिक, मग अंग, हा क्रम हट्टाने पाळायला लावा. निकलास लिडस्ट्रॉम डेट्रॉइटकडून खेळून 7 वेळा नॉरिस ट्रॉफी घेऊन गेला, म्हणजे लीगचा सर्वोत्तम डिफेन्समन, आणि हा माणूस कोणाला आडवा पाडण्यासाठी कधीच प्रसिद्ध नव्हता. त्याची स्टिक नेमक्या जागी असायची आणि तो स्वतः नेहमी आतल्या बाजूला, समोरचा आपोआप कडेला जायचा आणि तिथे त्याला करण्यासारखं काही उरायचंच नाही. मला विचाराल तर पोरांना मोठमोठ्या हिट्सचे व्हिडिओ दाखवण्यापेक्षा लिडस्ट्रॉमच्या अख्ख्या शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरल्यापासून परत बेंचवर जाईपर्यंतचा खेळ, दाखवाव्यात. पोरांना कंटाळा येईल, येऊ दे.

ड्रिल एकच सांगतो, ते नीट झालं की बाकीची सुचतात. पकवाला बोर्डापाशी, डिफेंडर फेसऑफ डॉटवर (पक टाकून खेळ सुरू करतात तो बर्फावरचा ठिपका) म्हणजे आतल्या बाजूला आणि एक पाऊल मागे. शिट्टी वाजली की पकवाल्याने कडेकडेने पुढे जायचं. पहिल्या फेरीत डिफेंडरची स्टिक उलटी, म्हणजे पातं हातात आणि दांडा खाली, त्यामुळे त्याला स्टिकने ओढाताण करताच येत नाही, पायांनीच रस्ता काढावा लागतो. काही फेऱ्यांनंतर स्टिक सरळ करा, एकदम फरक दिसतो. वेग सुरुवातीला अर्धाच ठेवा.

उलटं स्केटिंग करत पकवाल्याला सामोरं जायचं असेल तेव्हाही नियम तोच, आपला बाहेरचा खांदा त्याच्या आतल्या खांद्यासमोर, दोघांत साधारण एका स्टिकचं अंतर आणि डॉटच्या रेषेच्या आत राहायचं. फार मागे गेलात की तो ब्लू लाइनवरून, म्हणजे आपल्या झोनच्या सीमारेषेवरून, आरामात शॉट घेतो, फार पुढे गेलात की तुमच्या प्रश्नातली हूल. तुमच्याकडची रिंक 85 फूट रुंद असते, युरोपात काही ठिकाणी 30 मीटरपर्यंत, तिथे टूर्नामेंटला गेलात तर हाच कोन जुळायला जास्त वेळ लागतो, तेव्हा धीर धरायला शिकवा.

आणि दोन जण एकाच पकवर गेले की कोणी काय करायचं हेही ठरवून द्या. पहिला अंगावर, दुसरा पकवर. बस्स. तिसरा जरा मागे थांबेल. हे ठरलेलं नसेल तर कोपऱ्यात पाच पोरांचा गठ्ठा होतो आणि पक गठ्ठ्याबाहेर एकटा.

प्रश्न : डिफेन्सला खेळतो म्हणून मुलाला लांब स्टिक घेऊन दिली, दुकानदार म्हणाला रीच वाढते. बरोबर ना? – न्यू जर्सी

उत्तर : रीच वाढते पण पातं हवेत राहतं, मग बोर्डापाशी त्याला स्टिक बर्फावर ठेवायला कंबर ताठ करावी लागते, म्हणजे वर जे सगळं शिकवलं ते गेलं. एनएचएलमध्येही मर्यादा 63 इंच आहे, झ्डेनो चारा हा डिफेन्समन 6 फूट 9 इंच उंच म्हणून त्याला जास्त लांब स्टिकची सूट होती. तुमचा मुलगा चारा नाही. स्केट्स घालून उभा राहिला की हनुवटीपर्यंत येईल इतकी कापून घ्या, फार तर इंचभर वर.

प्रश्न : मुलगा पुढच्या सीझनला 14 अंडरमध्ये जातोय, तिथे बॉडी चेकिंग, म्हणजे पकवाल्याला अंगाने धडक देऊन पकपासून हटवणं, सुरू होतं. मला रात्री झोप लागत नाही हो. बायको म्हणते हॉकी बंद, टेनिस सुरू. – एक वडील, मिशिगन

उत्तर : तुमची भीती खोटी नाही, ती बाजूला सारा असं मी म्हणणार नाही. म्हणून तर नियम बदलले. यूएसए हॉकीने 2011 मध्ये चेकिंग पीवीमधून, म्हणजे 11-12 वर्षांच्या गटातून, काढून एक गट वर नेलं, हॉकी कॅनडाने 2013 मध्ये तेच केलं. त्यामागे मोठा वाटा होता कॅलगरी युनिव्हर्सिटीच्या अभ्यासाचा, 2010 मध्ये आलेला. अल्बर्टात 11-12 वर्षांच्या मुलांना चेकिंगची परवानगी होती, क्युबेकमध्ये नव्हती, दोन्हीकडची मुलं सीझनभर पाहिली तर अल्बर्टात दुखापतीचा आणि कन्कशनचा (डोक्याला मार बसून मेंदूला होणाऱ्या इजेचा) धोका तिपटीहून जास्त निघाला. तेव्हा आता निदान तुमचं पोरगं दोन वर्षं उशिरा त्यात जातंय.

पण एक घोळ मात्र झाला, चेकिंग काढलं म्हणून बऱ्याच कोचनी अंगाला अंग लावायचं शिकवणंच बंद केलं. नियमात तसं नाहीये. चेकिंग नसलेल्या गटातही एकाच दिशेने स्केट करत, पकसाठी खेळत, कंबरेला कंबर लावून जागा मिळवायला परवानगी आहे. ज्याने हे तीन वर्षं केलंय त्याला पहिला चेक बसतो तेव्हा नवीन काही वाटत नाही, ज्याने केलेलं नसतं तो घाबरून पाठ फिरवतो, आणि पाठ फिरवणं हीच सगळ्यात धोक्याची गोष्ट.

घरी आणि प्रॅक्टिसला दोन गोष्टी पक्क्या करून घ्या. पहिली मानेची. टोरोंटोचे न्यूरोसर्जन डॉ. चार्ल्स टेटर यांनी हॉकीतल्या मणक्याच्या दुखापतींवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यात सारखं दिसलं ते हे की मुलगा मागून ढकलला जातो, मान खाली असते आणि डोकं बोर्डावर आपटतं. मान जरा वाकली की मानेचे मणके एका सरळ रेषेत येतात, नेहमीची गोलाई जाते, आणि सगळा जोर त्या रेषेतून थेट मणक्यांवर. म्हणून बोर्डाकडे जाताना हनुवटी वर, नेहमी वर, आपटायची वेळ आलीच तर हात आणि खांदा आधी लागला पाहिजे, हेल्मेटचा टाळू कधीच नाही.

दुसरी अंतराची. बोर्डाला चिकटून असलेल्याला धक्का बसला तर तो फारसा कुठे जात नाही, बोर्डापासून तीन-चार फुटांवर वाकून उभा असेल तर तेवढ्या जागेत त्याचं डोकं पूर्ण वेगाने भिंतीकडे जातं. त्यामुळे या पट्ट्यात थांबायचंच नाही. एकतर पूर्ण आत बोर्डापाशी जायचं, नाहीतर बाहेर राहायचं, मध्ये पक बघत रेंगाळायचं नाही. आणि समोरच्याच्या पाठीवरचा नंबर दिसतोय तर ढकलायचं नाही, हे त्याला चेक घ्यायला शिकवता तेव्हाच शिकवा, त्याचेही आईबाबा रात्री जागेच असतात.

तरी बायको टेनिस म्हणत असेल तर भांडू नका. बऱ्याच ठिकाणी हाउस लीगमध्ये, म्हणजे हौशी स्थानिक लीगमध्ये, चेकिंग नसतंच, तोही पर्याय आहे.

प्रश्न : मी 16 वर्षांची आहे, मुलींच्या टीममध्ये डिफेन्स खेळते. भाऊ जे करतो तेच मी केलं की मला पेनल्टी, त्याला टाळ्या. मग मी बॅटल जिंकायची कशी? – मिसिसागा

उत्तर : तुझा राग बरोबर आहे, पण रेफरीचं काय चुकतंय हे मला तुझी क्लिप बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मुलींच्या हॉकीत आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बॉडी चेकिंग नाही, मात्र पकसाठी खेळताना होणारी अंगाची टक्कर चालते, आणि या दोन्हींच्या मधली रेषा प्रत्येक रेफरी थोडी वेगळी आखतो हेही खरं. 2024 च्या जानेवारीत सुरू झालेल्या पीडब्ल्यूएचएल या महिलांच्या प्रो लीगमध्ये तर बरंच जास्त चालू देतात, म्हणून टीव्हीवर बघितलेलं तू शनिवारी करायला गेलीस की बसलीच पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन.

तीन गोष्टी तपास. टक्कर होते तेव्हा तुझे पाय चालू असतात की थांबलेले? पाय थांबले की शरीर पुढे झुकतं आणि हात आपोआप ढकलतात, रेफरीला नेमके ते हात दिसतात. स्टिक कुठे असते? बर्फावर, पकवर असेल तर तू पक खेळतेयस हे लांबूनही कळतं, कंबरेच्या वर आडवी असेल तर क्रॉस-चेक, म्हणजे आडव्या स्टिकने ढकलल्याची पेनल्टी, दिलाच म्हणून समज. आणि तू कुठून येतेस? समोरून आलीस तर तो चेक, बाजूने एकाच दिशेने आलीस तर तीच टक्कर कायदेशीर. भाऊ उशिरा पोचला तरी धडक देऊन भागवतो, तुला ती सोय नाही, म्हणून तुला आधी पोचायला शिकावं लागणार, आणि खरं सांगू का, दहा वर्षांनी तू त्याच्यापेक्षा चांगली डिफेंडर असशील. शिवाय लडाख-स्पितीच्या मुलींच्या जोरावर भारताच्या महिला टीमने 2025 मध्ये एशिया कपला ब्रॉन्झ आणलंय, त्यांच्या मॅचच्या क्लिप्स मिळाल्या तर बघ.

प्रश्न : पुण्यात इनलाइन हॉकी (चाकांच्या स्केट्सवरची) शिकवतो. आइसवरचं हे सगळं आम्हाला लागू होतं का? बोर्डही धड नाहीत. – एक प्रशिक्षक

उत्तर : सर, होतं, आणि काही बाबतीत तुमची मुलं सुदैवी आहेत. इनलाइनमध्ये चेकिंग नाही, गोली म्हणजे गोलकीपर सोडून एका टीमचे चारच जण मैदानात, म्हणजे जागा जास्त आणि एकास-एक प्रसंगही जास्त. मात्र एक फरक लक्षात घ्या, आइसवर ब्लेड आडवं करून खसकन थांबता येतं, चाकांवर तसं थांबणं अवघड, म्हणून तुमच्या मुलांना गोलाई अजून लवकर सुरू करायला शिकवा, समोरून धावून गेलं तर वळणं सोडाच. बोर्ड नाहीत तिथे कडेची रेषाच बोर्ड समजा, किंवा जुने बेंच आडवे टाका, मी ते होताना पाहिलंय आणि मस्त चालतं. कंबर खाली, मागे नजर, आधी स्टिक मग अंग, यातलं काही बदलत नाही.

प्रश्न : माझी मुलगी गोली आहे. आमचे डिफेंडर तिच्यासमोर विरोधी खेळाडूला मिठी मारून उभे राहतात आणि तिला काही दिसतच नाही. कोचना कसं सांगू? – वॉटरलू

उत्तर : कोचना मॅच संपल्याबरोबर पार्किंग लॉटमध्ये नका गाठू, दुसऱ्या दिवशी सांगा. आणि असं सांगा : समोरच्याला बाहेर काढायचं काम शॉट यायच्या आधी करायचं असतं, शॉट निघाल्यावर नाही. पक लांब कोपऱ्यात आहे तेव्हाच डिफेंडरने त्याच्या आणि गोलच्या मध्ये शिरून, कंबर लावून, त्याला दोन पावलं बाहेर सरकवायचं, डोकं फिरवत राहायचं म्हणजे पकही दिसतो आणि माणूसही. शॉट निघाला की ढकलाढकली बंद, आता फक्त त्याची स्टिक उचलायची, म्हणजे तो पक वळवू शकत नाही आणि रिबाउंड, म्हणजे उसळून परत आलेला पक, तोही मारू शकत नाही. एवढ्यात बाजूला होता आलं तर उत्तमच, नाहीतर गोलीसमोर एकाऐवजी दोन जण भिंत करून उभे, तेच होतंय तुमच्याकडे. पाठीत स्टिक खुपसून बाहेर काढायचे दिवस एनएचएलमध्येही संपत आलेत, 2021-22 पासून तिथे क्रॉस-चेकिंगवर कडक शिट्टी वाजवायला सांगितलंय.

मुलीलाही तिचं काम द्या. 'स्क्रीन' (म्हणजे समोर आडवं कोणीतरी आहे, दिसत नाही) म्हणून ओरडायचं, लाजायचं नाही, आणि डिफेंडरचं नाव घेऊन ओरडायचं, कारण नुसतं 'स्क्रीन' ऐकलं की दोघांनाही वाटतं ते दुसऱ्यासाठी आहे.